हातमोज्याला लागलेली थुंकी

प्रयोगशाळेच्या सोमवारच्या सभेत संशोधक लेआन्द्रो एचेवेरीने तिची बाटली दोन बोटांत धरली, ती मेलेल्या उंदराची शेपटी धरावी तशी. उजेडासमोर नेली, फिरवली, नाक मुरडलं, टेबलावर ठेवली आणि मग हात पँटला पुसला. हात पुसला! सत्तावीस वर्षांत दोन्या नीबियाने, म्हणजे नीबियाबाईने, त्या इमारतीत उद्धट माणसं काही कमी पाहिली नव्हती. न विचारता तिची खुर्ची ओढणारे पाहिले, तिच्या बेसिनमध्ये सफरचंदाचा गाभा टाकणारे पाहिले, नाव माहीत असून "ए बाई" म्हणणारेही पाहिले. पण तिने धुतलेल्या काचेला शिवून वर हात पुसणारा हा पहिलाच.

"चार महिने झाले, माझं सगळं आरएनए कुजतंय," तो म्हणाला. "वर आम्ही डोळ्यांत तेल घालून काम करतो. घाण येतेय ती तळघरातून."

सभेत अठरा माणसं होती. अठरांतल्या एकानेही नीबियाकडे पाहिलं नाही. न पाहणं हे पाहण्यापेक्षा वाईट असतं. प्रयोगशाळेची प्रमुख दोक्तोरा मिर्ता चष्मा पुसत राहिली. तिचा चष्मा स्वच्छच होता.

"शुक्रवारपर्यंत खात्री करा," ती शेवटी म्हणाली. "तसंच असेल तर काच बंद करू आणि तयार प्लास्टिकच्या बाटल्या मागवू. नीबियाला... जिने आणि मजले देता येतील."

जिने पुसण्यात कमीपणा नाही. कोणीतरी ते पुसायचेच असतात. पण 'हिच्या हाताला स्वच्छता नाही' असा शिक्का मारून घेऊन जिन्यावर बसायचं, आणि वरून उतरणाऱ्या प्रत्येकाने पाय उचलून टाकत जायचं, हे नीबियाच्या नरड्याखाली उतरत नव्हतं. तिच्या घरी, शहराच्या कडेला सेर्रोच्या टेकडीवर, चार मुलगे आणि तीन सुना होत्या. थोरला सेहेचाळीस वर्षांचा, ट्रक चालवायचा, मान बैलासारखी. तोही रविवारी टेबलाशी बसण्याआधी आईसमोर दोन्ही पंजे उलटसुलट धरायचा, तेव्हा कुठं त्याच्या ताटात सारण भरलेली रवियोली पडायची. त्या बाईला आता हा सांगणार, की तुझ्या हाताखालून घाण येते!

घाण म्हणजे काय, ते नीबियाला शिकवावं लागत नव्हतं. शाळा तिसरीत सुटली. पंधराव्या वर्षी ती टेकडीखालच्या मांसाच्या कारखान्यात आतडी धुणाऱ्या बायकांत उभी राहिली. बैलाचं आतडं उलटं करायचं, शेण पाण्याला लावायचं, खरवडायचं, मग पुन्हा उलटं करायचं. दिवसाला किती, ते मोजायचं नाही, मोजलं की जेवण जात नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ती या इमारतीत आली. तळघरातली तीन बेसिनं, एक मोठी भट्टी आणि काच. आतड्यापेक्षा काच सोपी असेल असं तिला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात कळलं, की ती अवघड आहे. आतड्यातली घाण दिसते, वास देते, स्वतःचं नाव सांगते. इथली दिसत नाही.

मंगळवारी सकाळी यामिला खाली आली. ही उत्तरेतल्या ताकुआरेंबो गावाकडची, लेआन्द्रोच्या हाताखाली पीएचडी करणारी पोरगी. अंगाने काटकुळी, रडली की नाक आधी लाल होणारी. ती आली तेव्हा नाक लालच होतं.

"दोन्या, माझ्याही नळ्या कुजल्यात. तो म्हणतो, तुझ्याही बाटल्या त्याच तळघरातल्या."

"बस. नाक पूस. बाहीने नको."

यामिलानेच मागे एकदा नीबियाला तिथलं काम समजावून दिलं होतं, कारण नीबियाने एक दिवस बजावलंच होतं की, ज्या कामासाठी मी धुते ते काय आहे हे कळल्याशिवाय मी धुणार नाही. वर शागासच्या रोगाचा जंतू वाढवायचे. तो रोग नीबियाला पुस्तकातून कळायची गरज नव्हती. तिचा बाप उत्तरेकडच्या मातीच्या घरात वाढलेला. भिंतीच्या फटीतला तो ढेकणासारखा किडा रात्री तोंडाला चावतो, तिथंच हगतो, आणि झोपेत माणूस स्वतःच्याच हाताने ती घाण खाजवून आत घालतो. बाप पन्नाशीत गेला तेव्हा त्याचं काळीज भोपळ्याएवढं सुजलं होतं.

"त्या जंतूच्या पेशीत ना दोन्या," यामिला म्हणाली होती, "डीएनए म्हणजे मोठी वही. त्यातून उतरवलेली चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी एकटी कधीच हिंडत नाही. प्रथिनं तिला धरून असतात. कोणी तिला जागेवर पोचवतं, कोणी दाबून बसतं, कोणी फाडून टाकतं. आणि हा जंतू तर असा, की चिठ्ठ्या सरसकट सगळ्या उतरवतो. कुठली वाचायची नि कुठली फाडायची, ते सगळं ही प्रथिनंच ठरवतात."

"म्हणजे आमचंच घर. बोलतात सगळे, कोणाचं ऐकायचं ते मी ठरवते."

"तसंच! आम्हाला शोधायचंय, की कुठलं प्रथिन कुठल्या चिठ्ठीला धरतं. म्हणून जिवंत जंतूंवरच एक न दिसणारा उजेड मारायचा. त्या क्षणी ज्याने जिला धरलेलं असेल तो तसाच चिकटून राहतो. मग पेशी फोडायची, आपल्याला हवं ते प्रथिन ओढून काढायचं, आणि त्याच्या हातात कुठली चिठ्ठी सापडते ते बघायचं."

"चोराला मुद्देमालासकट धरायचं."

"हो. पण मधेच कोणी चिठ्ठी फाडली तर हातात नुसता कपटा उरतो."

आणि फाडणारा असतो सगळीकडे. हे मात्र नीबिया यामिला जन्मायच्या आधीपासून जाणून होती. आरएनएचे तुकडे करणारं एक प्रथिन माणसाच्या घामात असतं, थुंकीत असतं, बोटाच्या टोकावर असतं. उकळलं तर जरा वेळ मान टाकतं आणि गार झालं की पुन्हा उठून बसतं. ढेकणाला तरी गरम पाण्याची भीती असते, याला तीही नाही. म्हणूनच ती धुतलेली काच भट्टीत दोनशे चाळीसवर चार तास भाजायची, झाकण अ‍ॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळायची, आणि त्या बाटल्यांच्या कपाटाची किल्ली गळ्यात बांधायची. नातवालाही त्या किल्लीशी खेळू दिलं नव्हतं.

"माझ्या कपाटातल्या कुठल्याही पाच बाटल्या उचल," ती यामिलाला म्हणाली. "मी दाखवलेल्या नकोत, तू उचल. चांगलं आरएनए घाल, ठेव, आणि बघ."

संध्याकाळी यामिला फोटो घेऊन खाली आली. त्या जंतूचं आरएनए धड असलं की जेलच्या पातळ थरावर तीन पट्टे उठतात, स्वच्छ, वेगवेगळे, पेनने ओढल्यासारखे. पाचही रकान्यांत तीन-तीन पट्टे होते. बुधवारी पाणी तपासलं, औषधं तपासली, नळ्या तपासल्या. सगळीकडे तीन. शेजारी यामिलाने लेआन्द्रोचा मागच्या आठवड्याचा फोटो ठेवला. पट्टा एकही नाही, वरपासून खालपर्यंत ओघळ. शेंबड्या पोराच्या नाकाखाली वाळतो तसा. नीबियाने तो फोटो उलटा करून ठेवला. तिला तो बघवेना.

"बाटली चांगली, पाणी चांगलं," ती म्हणाली. "उरला कोण?"

यामिलाने फोटो आवरायला घेतले. तिची शिष्यवृत्ती लेआन्द्रोच्या सहीवर होती, हे नीबियाला ठाऊक होतं. तिने पोरीला त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला लावलं नाही.

गुरुवारी सकाळी नीबिया स्वच्छ कोट घालून चौथ्या मजल्यावर गेली आणि काचेच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसली.

"काय हे, दोन्या?" लेआन्द्रो हसला. दिसायला देखणा गडी, दाढी कोरलेली, दात जाहिरातीतल्यासारखे. "तपासणीला आलात की काय?"

"माझ्या बाटलीचं पुढं काय होतं ते बघायला आले. माहेर सोडल्यावर लेकीचं कसं चाललंय, बघावं लागतं."

"बघा की. शिकाल काहीतरी."

आणि तो काम चांगलं करत होता, हे तिला कबूल करावं लागलं. हातमोजे चढवले, त्यावर स्पिरिट मारलं. जंतूंच्या ताटल्यांवर उजेड मारला, पेशी फोडल्या, नळ्या बर्फात रोवल्या. बोटं झरझर चालत होती. तासभर तिला खोट काढायला जागा सापडेना. माझंच काही चुकलं असेल तर? म्हातारी झाले, डोळ्याला कमी दिसतं, कधी भट्टीची वेळ चुकली असेल?

मग वीस मिनिटं थांबायचं होतं. नळ्या बर्फातच राहिल्या. लेआन्द्रो आतलं दार ढकलून मधल्या बोळात आला. तिथं फळीवर त्याचा थर्मास होता, आणि 'माते' नावाचा काढा प्यायचा त्याचा पोकळ भोपळा, कडू हिरव्या पाल्याने काठोकाठ भरलेला, वर चांदीची नळी. त्याने गरम पाणी ओतलं. नळी जरा तुंबली असावी. त्याने ती हातमोजा घातलेल्या दोन बोटांनी तोंडाशीच धरली, जिथं ओठ लागतात तिथं, हलवली, चोखली, पुन्हा चिमटीत धरून सरळ केली, पुन्हा चोखली. शेवटचा घोट घरघर वाजवत ओढला. आणि त्याच हातमोज्यांनी दार ढकलून आत गेला आणि बर्फातली पहिली नळी उचलून बोटाने तिचं टोपण उघडलं.

नीबियाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. आता उष्ट्याची किळस तिला नव्हती. रोज दहा वाजता त्याच मजल्यावर तीच सगळ्यांना माते करून द्यायची. एक भोपळा, एक नळी आणि अठरा तोंडं, कोणाचं उष्टं कोणाला वर्ज्य नाही. उष्टं आपल्या माणसांत असतं. पण ते कुठं न्यायचं नाही हे ज्याला कळत नाही, त्याच्या शिक्षणाला काय जाळायचं?

तिने काचेवर टकटक केली. "लेआन्द्रो! ते हातमोजे कोणासाठी घातलेस?"

"म्हणजे?"

"तुझा हात बर्फातल्या नळीला लागू नये म्हणून, की नळीतली घाण तुझ्या हाताला लागू नये म्हणून?"

"दोन्या, मी हातमोजे घातलेलेच आहेत," तो लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला आणि दोन्ही पंजे तिला दाखवले. ओल्या बोटाला हिरव्या पाल्याचा एक कण चिकटलेला होता.

"आणि मघाशी जंतू होते त्या हाताला. तेच तोंडात."

"ते आता मेलेले असतात. फोडलेले."

"मेलेलं म्हणून तोंडात घालतात का रे? मग मी कारखान्यातून तुला आतडी आणून द्यायला हवी होती, मेलेलीच होती ती."

मागे टेबलाशी काम करणाऱ्या यामिलाला हसू फुटलं आणि तिने ते खोकल्यात दाबलं. लेआन्द्रोने हातमोजे काढून टोपलीत टाकले. टाकताना त्याचा चेहरा उतरला होता, पण दचकलेला नव्हता. हे नीबियाच्या ध्यानात राहिलं. चूक पहिल्यांदा कळली की माणूस दचकतो. चार पोरं वाढवलेल्या बाईला एवढं कळतं.

तो जेवायला गेल्यावर यामिलाने टोपलीतल्या हातमोज्याचं एक बोट चिमट्याने धरून थेंबभर पाण्यात बुडवलं आणि ते पाणी चांगल्या आरएनएत घातलं. दुपारी जेल फोटोच्या यंत्रात ठेवलं. पडद्यावर ओघळ आला, तसाच, वरपासून खालपर्यंत. पट्टा एकही नाही.

"हाच," यामिला कुजबुजली.

नीबियाचं मात्र त्या ओघळाकडे लक्ष नव्हतं. पडद्याच्या डाव्या कडेला जुन्या फोटोंची यादी होती, तारीख आणि नाव. नीबियाला वाचायला वेळ लागायचा, पण 'हातमोजे' हा शब्द ती झोपेतही वाचेल. महिन्याला चाळीस खोकी तिच्याच हातून वर यायची.

"हे काय लिहिलंय? तिथं. सहा तारीख."

यामिलाने वाचलं. "'हातमोजा, डावा. हातमोजा, उजवा. एल. ई.'" तिने फोटो उघडला. दोन रकाने, दोन ओघळ. सहा तारखेला तीन आठवडे उलटून गेले होते.

यामिलाचं नाक लाल झालं. "त्याला माहीत होतं, दोन्या. त्याने स्वतःच तपासलं होतं."

नीबिया खाली गेली आणि हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले आणि तरी ते धुतल्यासारखे वाटेनात. तीन आठवडे! तीन आठवडे या माणसाला ठाऊक होतं की घाण आपल्या बोटाला आहे, तरी सवय सोडली नाही, आणि वर सोमवारी अठरा माणसांसमोर त्याने तिची बाटली उंदरासारखी धरली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. यांना नाचता येत नाही हेही माहीत असतं, आणि अंगण दुसऱ्याचं असतं.

चारच्या सुमाराला तो तळघरात आला. जिन्यावरून उतरताना कठड्याला हात लावला नाही. दारात उभा राहून दात दाखवले.

"दोन्या नीबिया, मी काय म्हणतो, उगाच ताणायला नको. माझा अहवाल वर गेलाय, त्यात धुण्याचा दोष लिहिलाय. आता तो फिरवायचा म्हणजे चार महिन्यांचं माझं सगळंच काम लोक उकरून काढतील. उद्या मी सांगतो, भट्टीचा काटा बिघडला होता. यंत्र आहे, बिघडतं. नवी भट्टी येईल. तुमची खोली राहील, जिने नकोत, काही नको. कोणाचंच नाव खराब होत नाही."

"माझी भट्टी बिघडलेली नाही."

"अहो, भट्टीला कुठं नाव असतं? बाटलीला कुठं नाव असतं? म्हणून तर मी सोमवारी बाटलीचं बोललो. तुमचं नाव घेतलं का मी?"

नीबियाने नळ बंद केला. त्याच्याकडे नीट पाहिलं. बैलाच्या आतड्यात कधीकधी एक जागा सापडायची, वरून गुळगुळीत, चकचकीत, आणि दाबली की फुटायची. ती जागा हाताला लागली की बायका आधी तोंड फिरवून घ्यायच्या.

"उद्या सभेत बोल," ती म्हणाली.

तो खूश होऊन गेला. त्याला वाटलं, म्हातारीला खोली हवीय, म्हातारी मानली.

यामिला फोटोची प्रत छापून घेऊन आली, ती नीबियाने घेतली नाही. "तुझ्या हातातून काही नको, पोरी. तुझं नाव यात यायचं नाही. यंत्रात आहे ना? यंत्रातच राहू दे."

शुक्रवारी लेआन्द्रो उभा राहिला आणि गोड आवाजात बोलला. भट्टीचा काटा, जुनी यंत्रं, दोष कोणाचाच नाही, दोन्या नीबियाच्या कष्टांबद्दल सर्वांना आदर. दोघाचौघांनी मान डोलावली. सगळ्यांना बरं वाटलं, भांडण टळलं की लोकांना वाटतं तसं. दोक्तोरा मिर्तानेही सुटकेचा श्वास टाकला.

"म्हणजे नवी भट्टी घेऊ आणि खोली चालू ठेवू," ती म्हणाली. "नीबिया, असंच झालं ना?"

हो म्हटलं की झालं होतं. तीन बेसिनं तिची, कपाट तिचं, गळ्यातली किल्ली तिची. नीबिया उठली. गुडघा कटकन वाजला.

"दोक्तोरा, फोटोच्या यंत्रातली यादी भिंतीवर लावा. सहा तारीख."

"कशाला?"

"मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही वाचा, मोठ्याने."

मिर्ताने यादी उघडली, नाव वाचलं आणि फोटो मोठा केला. भिंतभर दोन ओघळ पसरले. 'एल. ई.' ही अक्षरं त्या खोलीत एकाच माणसाची होती. मिर्ताने तारीख पुन्हा एकदा वाचली, या वेळी हळू, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्या," लेआन्द्रोचे ओठ कोरडे पडले होते, "मी तुमची खोलीच वाचवत होतो."

"थुंकी सगळ्यांच्याच तोंडात असते, लेआन्द्रो," नीबिया म्हणाली. "ती तुझ्या हातमोज्याला लागली, यात काय मोठं? मी म्हटलं असतं, गाढवा, हात धू आणि पुन्हा कर. पण तुला कळलं, आणि कळल्यावर तू जिना उतरून खाली आलास ती थुंकी माझ्या काचेला पुसायला. कालही आलास, भट्टीला पुसायला. मी पंधराव्या वर्षी दोन्ही हातांनी बैलाचं शेण काढलंय आणि घरी जाऊन पोटभर जेवलेय. आज तुझ्याकडे बघून मला पाण्याचा घोट गिळवत नाहीये. खोली ठेवायची की बंद करायची ते दोक्तोरा ठरवतील. पण ती उघडी असेतोवर तुझी एकही बाटली तिथं उतरायची नाही. तू घाणेरडा माणूस आहेस. तुझं तू धू."